मामाची सोनेरी छिन्नी

आजचा भाग एका छिन्नीबद्दल आहे. हो, छिन्नी. लोखंड तोडायची असते तीच. फक्त ही सोनेरी आहे.

माझं आजोळ नवापूर. बोईसर स्टेशनला उतरायचं, तारापूर एमआयडीसी मागे टाकायची आणि समुद्राकडे निघायचं. एमआयडीसीच्या सांडपाण्याची पाइपलाइन याच गावाच्या समुद्रात जाते, त्यामुळे बातम्यांमध्ये नवापूरचं नाव आलं की विषय बहुतेक पाण्याचा असतो. आज मात्र मी पाण्याबद्दल नाही, धुळीबद्दल बोलणार आहे.

माझा मामा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं फिटर होता. गेल्या दिवाळीत माळा आवरताना त्याची हत्यारांची पेटी सापडली. त्यात पितळेसारखी चकाकणारी एक छिन्नी होती. मी विचारलं, "मामा, ही काय शोभेची आहे?"

मामा हसला. "अरे, ती ठिणगी न पाडणारी. सॉल्व्हंटच्या टाकीजवळ पोलादी हातोडा मारलास आणि ठिणगी उडाली, तर सगळं गाव हादरेल. तिथे हीच वापरायची."

"मग चांगलीच आहे की!"

"चांगली, पण मऊ. धार लगेच जाते. दर आठवड्याला ग्राइंडरवर घासायचो. तोंडाला रुमाल बांधून."

छिन्नीच्या दांड्यावर बारीक अक्षरांत 'बीई-सीयू' असं कोरलं होतं. म्हणजे बेरिलियम आणि तांबं. मी ते मोबाइलवर शोधलं आणि रात्रभर वाचतच बसलो. कारण मामाला दोन हिवाळ्यांपासून कोरडा खोकला आहे. तो कधी बिडी ओढत नाही. टीबीची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. गावात सगळे म्हणतात, "कंपनीची हवा, दुसरं काय!" पण कंपनीच्या हवेत नेमकं काय, हे कुणीच विचारत नाही.

तर चला, थोडं मागे जाऊ.

1798 साली फ्रान्समध्ये निकोला-लुई वोकलँ या रसायनशास्त्रज्ञाला पाचू आणि बेरिल या खनिजांत एक नवं मूलद्रव्य सापडलं. त्याचे क्षार चवीला गोड लागायचे. त्या काळी शास्त्रज्ञ चक्क चाखून बघायचे! म्हणून त्याला 'ग्लुसिनियम', म्हणजे गोड धातू, असंही नाव पडलं. शुद्ध धातू वेगळा काढायला 1828 उजाडलं. जर्मनीत व्होलर आणि फ्रान्समध्ये ब्युसी, दोघांनी आपापलं ते काम केलं.

धातू होता मात्र कमालीचा. अ‍ॅल्युमिनियमहून हलका, तरी ताठ, आणि 1287 अंशांपर्यंत वितळत नाही. जेम्स वेब दुर्बिणीचे ते सोनेरी आरसे आठवतात? 18 षटकोनी तुकडे? वर सोन्याचा पातळ मुलामा आहे, आत बेरिलियम आहे. 1932 मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधला तोही बेरिलियमवर अल्फा किरणांचा मारा करून. तिथून पुढे अणुशक्तीच्या जगात हा धातू सगळ्यांना हवा होता.

आणि तिथूनच माणसं आजारी पडायला लागली.

1930 च्या दशकात जर्मनी आणि सोव्हिएत रशियातल्या डॉक्टरांनी बेरिलियम कामगारांच्या फुप्फुसांच्या तक्रारी नोंदवल्या होत्या. तरी 1943 मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याच्या अहवालात निष्कर्ष निघाला की दोष बेरिलियमचा नाही, त्याच्यासोबतच्या आम्लांचा आहे. सरकारी शिक्का बसला म्हटल्यावर शंका घेणार कोण?

घेतली एका बाईंनी. डॉ. हॅरिएट हार्डी. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात ट्यूबलाइट बनवणाऱ्या कारखान्यातल्या तरुण मुली धापा टाकत होत्या, वजन घटत होतं. डॉक्टर त्याला 'सार्कॉइड' नावाचा दुसराच आजार म्हणत होते. ट्यूबच्या आतल्या पांढऱ्या पावडरीत तेव्हा बेरिलियम असायचं. हार्डींनी प्रत्येकीला विचारलं, तू काम काय करतेस, कुठे बसतेस, किती दिवस? 1946 मध्ये त्यांनी आणि आयर्व्हिंग टेबरशॉ यांनी 17 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात भयानक गोष्ट ही होती की काहींचा आजार नोकरी सोडल्यावर कितीतरी महिन्यांनी सुरू झाला होता. 1949 मध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांनी ट्यूबलाइटमध्ये बेरिलियम वापरणं थांबवलं.

आता जे सांगतोय ते नीट ऐका, कारण नवापूरसारख्या गावाला तेच लागू पडतं. 1948 च्या सुमारास ओहायोतल्या लोरेन शहरात बेरिलियमच्या कारखान्यात कधीच पाऊल न टाकलेली माणसं आजारी निघाली. बहुतेक जण कारखान्यापासून साधारण सव्वा किलोमीटरच्या आत राहणारे. आणि घरी आलेले कामाचे कपडे हाताळूनही हा आजार होतो, हे त्याच तपासात पुढे आलं.

हे वाचलं तेव्हा मला मामी आठवली. ग्राइंडरच्या धुळीने माखलेला मामाचा ड्रेस अंगणात झटकून मग साबणात भिजवणारी मामी.

मग मर्यादा ठरवायची वेळ आली. हवेत किती बेरिलियम चालेल? 1949 मध्ये मेरिल आयझेनबड आणि विलार्ड माकल हे दोघे टॅक्सीतून बैठकीला निघाले होते. तिथेच त्यांनी हिशोब मांडला. जड विषारी धातूंसाठी जी मर्यादा तेव्हा चालायची, तिच्याशी अणुभाराची तुलना केली आणि सावधगिरी म्हणून आकडा आणखी खाली आणला. एक घनमीटर हवेत 2 मायक्रोग्रॅम. हाच तो 'टॅक्सी स्टँडर्ड'. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत एकूण बेरिलियम साधारण मिठाच्या एका बारीक कणाएवढं! कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठी मर्यादा त्याहून कडक होती, 0.01 मायक्रोग्रॅम. टॅक्सीतला आकडा अमेरिकेत जवळपास सत्तर वर्षं टिकला. 2017 मध्ये तो दहापट खाली, 0.2 वर आणला. तोवर फर्मीसोबत पहिल्या अणुभट्टीवर काम केलेले हर्बर्ट अँडरसन यांच्यासारखी माणसं बेरिलियमचा फुप्फुसाचा आजार वर्षानुवर्षं सोसून गेली होती. अँडरसन 1988 मध्ये वारले.

एवढी कमी धूळ एवढं नुकसान का करते? कारण हे नेहमीसारखं विष नाही. काही माणसांच्या शरीराची प्रतिकारशक्ती या धातूला शत्रू समजायला लागते. बारीक कण फुप्फुसात रुतून बसतात, शरीर त्यांच्याभोवती गाठी बांधतं आणि हळूहळू फुप्फुस कडक होतं. कुणाला होणार, हे काही प्रमाणात जनुकांवर ठरतं. म्हणून एकाच ग्राइंडरवरचे दोघे, एक ठणठणीत आणि दुसरा धापा टाकतोय, असं होऊ शकतं. त्यात बेरिलियममुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हेही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1993 मध्ये मान्य केलं.

बरं, आपल्याकडे काय? 1962 च्या अणुऊर्जा कायद्यात युरेनियम, थोरियमच्या रांगेत बेरिलियमचं नाव होतं. नवी मुंबईत वाशीला भाभा अणुसंशोधन केंद्राने बेरिलियमचा प्रकल्प उभारला. तुर्भ्याला 2018 मध्ये नव्याने सुरू झालेल्या अप्सरा अणुभट्टीच्या गाभ्याभोवतीही बेरिलियम ऑक्साइड आहे. म्हणजे हा धातू सांभाळायचा कसा, हे ज्ञान आपल्याच राज्यात, नवापूरपासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

कायदाही होता. 1948 च्या कारखाने अधिनियमात, ज्या आजारांची खबर सरकारला द्यावीच लागायची त्यांच्या यादीत 'बेरिलियम विषबाधा' होती. भोपाळनंतर 1987 च्या दुरुस्तीने कामगाराला धोक्याची माहिती मागण्याचा हक्क दिला. कायद्यांची नावं बदलत राहतात. पण बावीस वर्षांत मामाला कुणी सांगितलं नाही की तुझ्या छिन्नीत काय आहे. त्यानेही विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं.

आता कामाचं सांगतो. घाबरायचं नाही, कारण अखंड छिन्नी हातात धरल्याने हा फुप्फुसाचा आजार होत नाही. मिश्रधातूत बेरिलियम साधारण दोन टक्केच असतं. धोका आहे तो घासताना, कापताना, वितळवताना उडणाऱ्या धुळीचा आणि धुराचा.

म्हणून हत्यार कशाचं आहे ते आधी विचारा. ठिणगी न पाडणारी हत्यारं बेरिलियम नसलेल्या अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचीही मिळतात. बेरिलियमवालं असेल तर कोरडं घासू नका. धूळ उगमापाशीच ओढून घेणारी व्यवस्था हवी. रुमाल किंवा साधा मास्क उपयोगाचा नाही, बारीक कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर लागतो. झाडूने झाडायचं नाही, एअर गनने कपडे उडवायचे नाहीत. पुसायचं ते ओल्या फडक्याने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कामाचे कपडे आणि बूट कामावरच राहिले पाहिजेत. आंघोळ करून घरी या. निकेल, शिसं, क्रोमियम, पावडर कुठलीही असो, हा शेवटचा नियम तोच.

मागच्या महिन्यात मी मामाला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. जाण्याआधी आम्ही एका कागदावर लिहून काढलं, कुठल्या वर्षी कुठलं खातं, कुठलं मशीन, किती वर्षं. छिन्नी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत घेतली. डॉक्टरांनी कागद वाचला, पिशवी बाहेरूनच बघितली आणि पहिल्यांदा केसपेपरवर खोकल्याच्या खाली मामाचं काम लिहिलं. स्कॅन सांगितलाय. बेरिलियमसाठी रक्ताची एक खास तपासणी असते, तिचीही चौकशी करतो म्हणाले. निदान अजून व्हायचंय. कदाचित खोकला दुसऱ्याच कशाचा निघेल, आणि तसंच निघो.

परत येताना मामा म्हणाला, "आपल्या खात्यात अजून तीन पोरं आहेत ग्राइंडरवर. त्यांना फोन लाव."

लावला. हा भागही त्यांना पाठवतोय. तुमच्या घरात कुणी एमआयडीसीत जात असेल तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा, "तुम्ही दिवसभर नेमकं काय हाताळता?" भेटू पुढच्या भागात.