संत्र्याची साल आणि गव्हाची सुरा



नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील आमचे वडनेर हे गाव वर्धा जिल्ह्यात मोडते. गांधीजी १९३६ साली ज्या खेड्यात राहावयास आले ते सेवाग्राम याच जिल्ह्यातले. आणि हा जिल्हा दारूबंदीचा आहे. याच जिल्ह्याच्या कारंजा व आष्टी या तालुक्यांत संत्र्यांच्या बागा आहेत. हंगामात घरोघर संत्री सोलली जातात, फोडी खाल्ल्या जातात आणि साल उकिरड्यावर जाते. परंतु याच जातीच्या फळाच्या सालीला दूर बेल्जममध्ये गव्हाच्या बीअरच्या हंड्यात मानाचे स्थान मिळाले. ते कसे मिळाले, आणि आपल्या सुरेत मसाला व फळे असूनही आज हा हंडा आपल्या घरी का नाही, याचा इतिहास मी आज सांगणार आहे. व्यसनाची भलामण करण्याचा माझा हेतू नाही, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

लिंबू-नारिंगाच्या कुळाचे माहेर ईशान्य भारत व त्यापलीकडील डोंगराळ मुलूख हे होय. आपला 'नारंग' हा शब्द फारसीत तसाच गेला, अरबीत 'नारंज' झाला, स्पॅनिशमध्ये 'नारांखा' झाला आणि पुढे इंग्रजांचा 'ऑरेंज' बनला. शब्दाबरोबर फळही गेले. अरबांनी स्पेनमध्ये लावलेले नारिंग कडू जातीचे होते. त्याचा गर खाण्याजोगा नव्हता, म्हणून सालीचे महत्त्व अधिक. आपल्या पूर्वजांनाही सालीचा गुण ठाऊक होता. वात्स्यायनाने रसिक नागरकाच्या शय्येपाशी ठेवावयाच्या वस्तूंत विड्यांबरोबर महाळुंगाची सालही सांगितली आहे. मुखास सुगंध यावा, हा तिचा उपयोग.

आता सुरेकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार दिले आहेत. मेदक तांदळाचा, तर प्रसन्ना पिठाची. दोहोंतही किण्व, म्हणजे आंबविण्याचे विरजण, घालावयाचे. त्यांच्या मसाल्यात मिरी, पिंपळी, लोध्र, प्रियंगू व दारुहळद यांची गणना आहे. आंब्याच्या रसाने वासित केलेल्या सुरेचाही तेथे उल्लेख आहे. म्हणजे धान्याच्या मद्यास फळाचा व मसाल्याचा वास देणे ही कल्पना आपल्याकडे फार जुनी.

या प्रकरणातील एक नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मद्याचा सर्व व्यवहार राजाच्या ताब्यात असला, तरी कुटुंबवत्सल गृहस्थास शुभकार्याच्या प्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा होती; उत्सव व यात्रा यांच्या निमित्ताने चार दिवसांची सवलतही होती. घराची चूल आणि राजाची तिजोरी यांतील ही सीमारेषा पुढे प्रत्येक देशात निराळी आखली गेली, आणि हंड्यात काय पडावे हे तिनेच ठरविले.

बव्हेरियाचेच उदाहरण घ्या. तेथील ड्यूकांनी १५१६ साली हुकूम काढला की, बीअरमध्ये सातू, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले आणि पाणी यांवाचून काही घालू नये. गहू पावासाठी राखावा, असा त्यातील एक हेतू सांगतात. पुढे गव्हाच्या बीअरचा मक्ता राजघराण्याने स्वतःकडेच ठेवला, ही गोष्ट निराळी! ते काही असो, तेथे साल, धने, मसाला या सर्वांस दार बंद झाले.

याच्या उलट हूगार्डन हे गाव. ते ब्राबांतच्या डचीने वेढलेले, परंतु सत्ता लिएजच्या धर्माधिपतीची. ब्राबांतचे कर तेथे चालत नसत. सभोवारचा प्रदेश गव्हाचा. परिणामी एवढ्याशा गावात एके काळी तीसहून अधिक बीअरच्या भट्ट्या होत्या. डच लोकांनी १६३४ साली क्युरासाव हे बेट स्पॅनिशांकडून जिंकले. स्पॅनिशांनी तेथे लावलेली नारिंगे कोरड्या जमिनीत इतकी कडू झाली होती की, ती कोणी खाईना. परंतु वाळविलेली साल मात्र अतिशय सुवासिक निघाली. ती डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आली आणि धन्यांच्या जोडीने गव्हाच्या पांढुरक्या बीअरमध्ये पडू लागली.

सालीचे हे कार्य कसे घडते, तेही पाहू. फळाच्या रंगीत पापुद्र्यात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. साल डोळ्यांजवळ पिळली असता जो झोंबरा तुषार उडतो, तो याच तेलाचा. त्याखालचा पांढरा थर कडू असतो. म्हणून साल घेणारा केवळ वरचा पापुद्राच किसून घेतो. हे तेल उडून जाणारे असल्यामुळे साल उकळीच्या अगदी शेवटी घालतात. आरंभी घातली तर सुगंध वाफेबरोबर जातो आणि कडवटपणा तेवढा उरतो. बेल्जमवाल्यांना समुद्रापलीकडून येणारी वाळलेली साल वापरणे भाग होते. ताज्या सालीचा वास अधिक उजळ. आज परदेशांत घरी बीअर करणारे अनेक जण तीच पसंत करतात.

परंतु हूगार्डनचे वैभव टिकले नाही. फिकट, स्वच्छ, मोठ्या कारखान्यांत होणारी बीअर स्वस्त झाली, दोन महायुद्धे झाली आणि १९५७ साली तोम्सिन यांची शेवटची भट्टीही बंद पडली. पियर सेलिस नावाचा तेथला एक गवळी लहानपणी या भट्टीत हाताखाली काम करीत असे. त्याला ती कृती आठवत होती. त्याने १९६६च्या सुमारास घराशेजारच्या तबेल्यात हंडा मांडला आणि गहू, धने व नारिंगाची साल यांची ती बीअर पुन्हा उभी केली. आज जगभर या पद्धतीने बीअर होते. एका माणसाच्या स्मरणावर एक विद्या वाचली. ते स्मरण नसते तर?

आमच्याकडे काय झाले? इंग्रजी अमदानीत अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन बनले. मुंबई इलाख्यात १८७८च्या अबकारी कायद्याने मद्य करण्याचा सर्व अधिकार सरकारी परवान्याखाली आला आणि १८९२च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांवरही बंधने आली. सरकारचा लोभ मात्र सुटला नाही. मक्तेदाराची दुकाने खेडोपाडी उघडली. घरचा हंडा गेला आणि गुत्ता आला! दारूबंदीची चळवळ या गुत्त्यातून जन्मली. कोरडा पगार, उपाशी मुले आणि मार खाणाऱ्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या, त्यांनी मुंबईच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याचे स्वागत केले यात नवल नाही. तोच कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे आणि परवान्यावाचून मद्य करणे हा गुन्हा आहे. आमच्या जिल्ह्यात तर प्रश्नच उरत नाही. पुण्यात मात्र २००९ साली 'डूलाली' नावाची परवान्याची छोटी भट्टी निघाली. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून गोऱ्या सैनिकांनी केलेला अपभ्रंश होय. अशा भट्ट्यांमुळे गव्हाची बीअर महाराष्ट्राच्या शहरांत पुन्हा दिसू लागली.

मी दारूबंदीच्या बाजूचा आहे. तरीही संयम राखणाऱ्याने अज्ञानी राहिलेच पाहिजे, असे मला वाटत नाही. आंबविण्याची विद्या हीच आपल्या आंबिलीत, इडलीत आणि वैद्याच्या द्राक्षासवात आहे. तिची निंदा करून व्यसन सुटत नाही. नागपुरी संत्रे भोसल्यांच्या काळी औरंगाबादेकडून आले अशी परंपरा आहे, आणि २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मान मिळाला तो फळास. साल अजून उकिरड्यावरच आहे. तिचा पापुद्रा किसून सरबतात, मुरंब्यात, शिऱ्यात घालण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. जे तेल हूगार्डनच्या हंड्यात उतरले, तेच येथे आपल्या पातेल्यातही उतरेल.