विणीचा हंगाम व तापमानवाढ (पुणे परिसर)

पक्ष्यांची अंडी घालण्याची वेळ पिलांच्या अन्नाशी बांधलेली असते. इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात 1947 पासून नोंदल्या जाणाऱ्या ग्रेट टिट पक्ष्याची वीण सुमारे दोन आठवडे अलीकडे आली, कारण उबदार वसंतात पिलांना लागणाऱ्या अळ्याही लवकर निघू लागल्या. पुण्यात हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे अनेक पक्ष्यांचा हंगाम पाऊस ठरवतो.

सुगरण हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. नराला विणकामासाठी ओल्या, लवचिक गवताचे लांब धागे लागतात. ते पावसानंतरच मिळतात. अर्धे घरटे विणून तो थांबतो, मादीने पसंत केले तरच पुढे विणतो. पक्षीशास्त्रज्ञ सालीम अलींनी अलिबागजवळच्या किहीम येथे केलेला या पक्ष्याचा अभ्यास 1931 मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस लवकर येऊन मध्येच दडी मारू लागला, तर गवत आणि पिलांना भरवायचे किडे यांचा मेळ चुकू शकतो. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे रोजीच पुण्यात पोहोचला. मात्र एका वर्षावरून कल ठरत नाही.

टिटवीची अडचण निराळी. ती उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि पोटाची पिसे भिजवून आणून अंडी गार ठेवते. जवळचे डबके आटले की हा उपाय अवघड होतो. तांबट मात्र झाडाच्या ढोलीत, पावसाआधीच वीण उरकतो.

शहरात पक्षीनिरीक्षक पुष्कळ आहेत. घरटे व पहिले अंडे दिसल्याची तारीख त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे फार मोलाचे आहे.