क्रोख्माल्ना रस्त्यावरचे न्यायालय

यानुश कोर्चाक हे नाव आपल्यापर्यंत येते ते बहुधा त्याच्या मृत्यूसह. ऑगस्ट १९४२ मध्ये वॉर्साच्या घेट्टोतून ट्रेब्लिन्काच्या मृत्युछावणीकडे नेली जाणारी सुमारे दोनशे अनाथ मुले, आणि स्वतःच्या सुटकेच्या संधी नाकारून त्यांच्यासोबत चालत गेलेला वृद्ध डॉक्टर. हे चित्र इतके प्रभावी आहे, की त्यामागची तीस वर्षे त्यात झाकोळून जातात. हौतात्म्याला नमस्कार करणे तसे सोपे असते; नमस्कार केला की पुस्तक मिटता येते. कोर्चाकने मुलांसाठी जे उभे केले त्याकडे पाहणे अवघड, कारण तेथे प्रश्न आपल्यालाच विचारले जातात.

हेन्रिक गोल्डश्मिट हे त्याचे मूळ नाव. कोर्चाक हे लेखनासाठी घेतलेले. वॉर्सातील एका सुस्थित, पोलिश संस्कृतीशी एकरूप होऊ पाहणाऱ्या ज्यू घरात तो जन्मला. वडील नामांकित वकील. पुढे मनोविकाराने खचले आणि १८९६ मध्ये वारले. विशीही न गाठलेल्या मुलावर शिकवण्या करून घर चालवण्याची वेळ आली. वेडाची भीती या माणसाला आयुष्यभर सोडून गेली नाही. अखेरच्या दिवसांत लिहिलेल्या दैनंदिनीत त्याने पाच वर्षांचा असतानाची एक आठवण नोंदवली आहे. पाळलेला कॅनरी पक्षी मेला, त्याच्या थडग्यावर क्रूस लावायचा होता. तेव्हा वाड्याच्या राखणदाराच्या मुलाने सांगितले, की पक्षी ज्यू होता, आणि तूही ज्यूच. मार नाही, उपासमार नाही, केवळ एक वाक्य. पण साठी ओलांडल्यावरही ते विसरता आले नव्हते. बालपणीच्या जखमेचे मोजमाप मोठ्यांच्या फूटपट्टीने होत नाही, हे त्याला असे आतून ठाऊक होते.

१९१२ मध्ये क्रोख्माल्ना रस्त्यावर ज्यू मुलांसाठीचा अनाथाश्रम नव्या इमारतीत सुरू झाला. स्टेफानिया विल्चिन्स्का ही त्याची सहकारी. संस्थेचा रोजचा संसार खऱ्या अर्थाने तिनेच चालवला आणि शेवटच्या प्रवासातही ती मुलांबरोबरच होती, हे सांगणे आवश्यक आहे. दंतकथांमध्ये तिचे नाव नेहमीच मागे पडते. मुले गरीब वस्त्यांतली, सात ते चौदा वयाची, बरीचशी मार आणि भूक पाहून आलेली. पहिले वर्ष कोर्चाकच्या स्वतःच्याच सांगण्यानुसार अतिशय कठीण गेले. प्रेमाने वागवले की मूल प्रेमळ होते, ही आपली गोड समजूत तेथे टिकली नाही. दडपणाखाली वाढलेल्या मुलाला मऊपणा म्हणजे दुबळेपणा वाटतो, आणि तो मऊपणाचीच परीक्षा पाहतो.

यावर कोर्चाकने शोधलेला मार्ग प्रवचनाचा नव्हता. त्याने न्यायालय काढले. पाच न्यायाधीश, सारे मुलांमधून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. अट एकच, की त्या आठवड्यात त्यांच्यावर कोणाची तक्रार नसावी. कोणीही कोणाविरुद्ध तक्रार लिहवू शकत असे. कुणी पेन पळवले, कुणी चिडवले, कुणी खेळू दिले नाही. मोठ्यांच्या लेखी ज्या गोष्टी क्षुल्लक, त्यांची तेथे रीतसर सुनावणी होई. या न्यायालयाची संहिता हजारापर्यंत क्रमांकांची, आणि तिची पहिली नव्व्याण्णव कलमे निर्दोष ठरवण्याची वा क्षमेची होती! त्याला समजले नव्हते म्हणून क्षमा, पुन्हा करणार नाही म्हणून क्षमा, राग अनावर झाला म्हणून क्षमा. शंभराव्या कलमात शिक्षा नाही. क्षमा केली नाही, एवढीच नोंद. नऊशेव्या कलमाचा अर्थ असा, की न्यायालयाची आशा संपली, आता या मुलाची हमी घेणारा कोणीतरी पुढे आला पाहिजे. हजारावे कलम संस्थेतून काढून टाकण्याचे. पण त्यातही काही महिन्यांनी परत येण्यासाठी अर्ज करण्याची मुभा होतीच.

कायद्याची भाषा वापरून लिहिलेला हा सहवेदनेचा धडा आहे, असे मला वाटते. आपण मुलाला ‘त्याच्या जागी तू असतास तर?’ असे विचारतो आणि अपेक्षित उत्तर त्याच्या तोंडी घालतो. येथे मूल खरोखरच तीन जागी बसत होते: आज फिर्यादी, उद्या आरोपी, परवा न्यायाधीश. ज्याने काल मार खाल्ला, त्यालाच आज ‘याने का मारले असेल’ याचा विचार करून नव्व्याण्णव कारणांतून एक शोधायचे होते. हे सगळे सुरळीत चालले असे मात्र नाही. मुलांनी न्यायालयाची टर उडवली, कामकाज काही काळ बंद ठेवावे लागले. पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यात एक मोठी भर पडली होती: मुलांना मोठ्यांविरुद्धही तक्रार करता येऊ लागली. एका सहा महिन्यांत कोर्चाक स्वतः पाच वेळा आरोपी म्हणून उभा राहिला. एकाच्या कानशिलात लगावली, एकाला शयनगृहातून बाहेर काढले, एकाला कोपऱ्यात उभे केले, एका न्यायाधीशाचा अपमान केला, एका मुलीवर चोरीचा संशय घेतला, असे ते गुन्हे.

शेवटच्या गुन्ह्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. संशय! आपल्या किती शाळांतून, घरांतून त्याला गुन्हा म्हटले गेले आहे? मराठी आत्मचरित्रांत मार देणाऱ्या मास्तरांविषयीची कृतज्ञता इतक्यांदा भेटते, की तिच्याखालचे भय वाचायचे आपण विसरलो आहोत. छळ झालेल्या मुलाला सर्वांत आधी हवी असते ती दया नव्हे, तर ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे म्हणण्याची जागा, आणि ते म्हटल्यावर कोणी हसणार नाही याची खात्री. आपल्या देशात शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली ती २००९ साली. बालहक्कांच्या ज्या जागतिक कराराला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, त्याचा पहिला प्रस्ताव पोलंडने १९७८ मध्ये मांडला होता. त्या कराराचे बारावे कलम मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याविषयीच आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणखी एक दुवा परिचित असेल. १८ जुलै १९४२ रोजी घेट्टोतल्या या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ सादर केले. एस्तेर्का विनोग्रोन या तरुणीने ते बसवले होते. मुलांना मृत्यू शांतपणे स्वीकारता यावा म्हणून कोर्चाकने हे नाटक निवडले, असा अर्थ नेहमी लावला जातो. तो चुकीचा नसेलही. पण नाटक पुन्हा वाचले, तर अमलचा मृत्यू शेवटच्या थोड्या पानांत येतो. उरलेल्या साऱ्या नाटकात हा आजारी, खोलीत कोंडलेला मुलगा खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवतो. दहीवाल्याला त्याचे गाव विचारतो, त्याच्यासारखे दही विकायला शिकू पाहतो. पहारेकऱ्याला त्याच्या घंटेविषयी विचारतो. भिंतीआड कोंडलेल्या मुलांना प्रयोगासाठी पाठ करावे लागले ते बहुतांशी हेच संवाद.