सोमा, सर्पगंधा आणि हरवलेली नावं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी सोमाटणे मागे टाकते आणि पुढचं स्टेशन येतं ते रसायनी. आपल्याकडे गावाला देवाचं नाव असतं, झाडाचं असतं, एखाद्या लढवय्याचं असतं. इथे नाव पडलं ते थेट रसायनांवरून. १२ डिसेंबर १९६० रोजी ‘हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या खोऱ्यात तिचा कारखाना उभा राहिला. रंग, औषधं, कीटकनाशकं यांना लागणारी मूळ रसायनं परदेशातून आणावी लागू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. नायट्रोबेंझीन, अॅनिलिन, नायट्रिक आम्ल अशी नावं इथल्या पोरांच्या कानावर पाढ्यांच्या बरोबरीनं पडली असतील. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत आली, मोहोपाड्याची बाजारपेठ वाढली. विज्ञान आणि नियोजन यांच्या जोरावर माणूस सुखी होणार, या नेहरूकालीन श्रद्धेतून वसलेलं हे गाव.

त्या श्रद्धेची दुसरी, काळवंडलेली बाजू युरोपातल्या काही कादंबरीकारांनी त्याआधीच रंगवून ठेवली होती. उद्याचं जग नीटनेटकं, आखीवरेखीव आणि तरीही भयाण असेल, असं सांगणाऱ्या या कादंबऱ्या. आदर्श राज्याचं स्वप्न उलटं केलं की जे दिसतं ते दुःस्वप्न त्यांत असतं. आज त्यांच्याबद्दल बोलायचं ते एका विशिष्ट कारणानं. या कादंबऱ्यांत मनाचा आजार फार महत्त्वाच्या जागी येतो. आणि त्यांनी रंगवलेली चित्रं आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहेत, की घरातल्या माणसाला मानसोपचाराची गोळी देताना आपला हात अजूनही थबकतो.

सुरुवात १९३२ पासून करू. अल्डस हक्सलेची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ त्या वर्षी आली. तिच्यातल्या राज्यात कुणी दुःखी नाही, कारण सरकार सगळ्यांना ‘सोमा’ नावाची गोळी वाटतं. हे नाव आपल्या वेदांतल्या सोमरसावरून घेतलेलं आहे. हक्सले १९२५-२६ च्या सुमारास हिंदुस्थानात फिरून गेला होता, मुंबईही त्यानं पाहिली होती. मन खट्टू झालं, घ्या सोमा. शंका आली, घ्या सोमा. लिंडा नावाची एक बाई या जगापासून दूर फेकली जाऊन वीसेक वर्षांनी परत येते. तिच्या वाट्याला आलेलं सगळं विसरण्यासाठी ती गोळ्यांच्या गुंगीतच पडून राहते आणि त्यातच मरते. तिचा मुलगा इस्पितळात सोम्याच्या डब्या खिडकीतून भिरकावून देतो, दंगल होते, आणि पोलीस येऊन काय करतात? लाठ्या चालवत नाहीत, हवेत सोम्याचीच वाफ फवारतात. रडत रडत सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. मला विचाराल तर कादंबरीतला सर्वांत अंगावर काटा आणणारा प्रसंग हाच.

त्याच्याही आधी, १९२०-२१ मध्ये, रशियात येवगेनी झाम्यातिननं ‘वुई’ लिहिली होती. स्वदेशात ती छापता आली नाही. १९२४ मध्ये इंग्रजीत प्रथम प्रसिद्ध झाली. त्यातल्या माणसांना नावंच नाहीत, क्रमांक आहेत. डी-५०३ या इंजिनीअरला स्वप्नं पडू लागतात, तो प्रेमात पडतो. घाबरून डॉक्टरकडे जातो तर निदान होतं की तुला आत्मा उत्पन्न झालेला आहे, आणि हा आजार आहे. शेवटी शस्त्रक्रियेनं त्याची कल्पनाशक्तीच काढून टाकतात. मग तो बरा होतो, म्हणजे डोळ्यांदेखत आपल्या प्रेयसीचा छळ होत असताना शांत बसू शकतो.

ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ जून १९४९ मधली. तिच्यात छळ करणारा अधिकारी कैद्याला गुन्हेगार म्हणत नाही, रुग्ण म्हणतो. तुझी स्मरणशक्ती बिघडलेली आहे, आम्ही तुला बरं करतोय, असं तो विन्स्टन स्मिथला शांतपणे समजावतो. विन्स्टनचा स्वतःला सावरायचा मार्ग काय, तर एक जुनी कोरी वही आणि तिच्यात चोरून लिहिलेली रोजनिशी. पुढे रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’ मध्ये (१९५३) पुस्तकं जाळली जातात, तेव्हा काही माणसं एकेक पुस्तक तोंडपाठ करून जंगलात राहतात. मार्गारेट अॅटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’ची (१९८५) नायिका आपली कहाणी मनातल्या मनात कुणाला तरी सांगत राहते. लिहिणं, पाठ करणं, सांगणं. पाठांतरावर वेद आणि गाथा टिकवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायला नको.

मराठीत या जातीचं लेखन तसं थोडं. विलास सारंगांची ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) ही इराकमध्ये शिकवणाऱ्या मराठी प्राध्यापकाची कादंबरी मात्र या घराण्याच्या जवळची आहे, आणि ती आहे त्यापेक्षा जास्त वाचली जायला हवी होती.

आता प्रश्न असा, की हे लेखक उगीच घाबरवत होते का? मुळीच नाही. झाम्यातिनच्या पुस्तकानंतर पंधरा वर्षांच्या आत, १९३५ मध्ये, पोर्तुगालच्या एगाश मोनिझनं मनोरुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया सुरू केली. १९४९ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे ऑर्वेलची कादंबरी आणि हे नोबेल एकाच वर्षातलं. पुढे सोव्हिएत राज्यात सरकारच्या टीकाकारांना ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ असं निदान चिकटवून मनोरुग्णालयात कोंडण्याचे प्रकार झाले. जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांना १९७० मध्ये असंच डांबलं होतं. जगभरातून इतकी टीका झाली, की १९८३ मध्ये सोव्हिएत मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं जागतिक संघटनेतून अंग काढून घेतलं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे राज्यकर्त्यांनी मनोरुग्णालयाचा असा वापर करण्यापेक्षा वेगळीच गोष्ट घडली. आपण माणसं आत टाकली आणि विसरून गेलो. मुंबई-ठाण्याकडच्या बोलीत ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हटलं की अर्थ सांगावा लागत नाही. पुण्याकडे तेच ‘येरवडा’. एका इस्पितळाचं गाव शिवीसारखं वापरलं जावं, यातच सगळं आलं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. १९१२ चा कायदा ‘लूनसी अॅक्ट’ या नावानंच ओळखला जाई आणि त्याचा सगळा भर वेड्यांपासून समाजाला सांभाळण्यावर. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीनं मोजदाद केली तेव्हा अख्ख्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी दहा हजारांच्या आसपास खाटा होत्या. हा १९१२ चा कायदा बदलायला १९८७ उजाडलं आणि नवा अमलात यायला १९९३.

फाळणीनंतर, १९५० मध्ये, भारत-पाकिस्ताननं आपापल्या वेड्यांची अदलाबदल केली. ज्यांना कुठलं गाव कुठल्या देशात गेलं हेही उमगत नव्हतं, त्यांना पोलीस पहाऱ्यात सीमेपार नेलं. मंटोची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा त्यावरचीच. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत बरीच वर्षं काढलेला हा माणूस लाहोरला गेला आणि तिथे दारू सोडवण्यासाठी त्याला स्वतःलाच वेड्यांच्या इस्पितळात राहावं लागलं होतं. भविष्यकाळातलं काल्पनिक राज्य रचण्याची त्याला गरज पडली नाही. १९९९ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं देशातल्या मनोरुग्णालयांचा अहवाल काढला, त्यात तुरुंगासारख्या उंच भिंती आणि कोठड्या अजून होत्याच. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला एका दर्ग्याजवळच्या झोपडीवजा आश्रमाला आग लागली. २८ मनोरुग्ण मेले. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आलं नव्हतं.

पण या काळ्या इतिहासाच्या शेजारूनच दुसरा एक इतिहास वाहत होता. १९३१ मध्ये, म्हणजे हक्सलेच्या सोम्याच्या एक वर्ष आधी, कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेवर एक लेख लिहिला होता. वेड आणि रक्तदाब यांवरचं नवं भारतीय औषध, असा त्याचा विषय. खेड्यापाड्यांत हे मूळ ‘पागल की दवा’ म्हणून माहीतच होतं. १९४९ मध्ये (पुन्हा तेच वर्ष) मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब कसा उतरतो यावरचा शोधनिबंध ब्रिटनमधल्या हृदयविकारांच्या नियतकालिकात छापला, आणि जगाचं लक्ष या वनस्पतीकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत क्लाइन होते, तसे आपले वकीलही होते. हे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत का नाही, देव जाणे.

रिसर्पिन मनोविकारांत फार काळ टिकलं नाही, कारण त्याहून सरस औषध आलं ते क्लोरप्रोमझिन. १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी ते प्रथम मनोरुग्णांवर नीट वापरून पाहिलं. आणि इथे रसायनीकरांनी कान टवकारावेत. अॅनिलिनपासून डायफिनाइलअमाइन तयार होतं, त्याची गंधकाशी प्रक्रिया केली की फिनोथायाझिन. कपडे रंगवण्याच्या रसायनशास्त्रातून एकोणिसाव्या शतकात सापडलेला हा सांगाडा. त्याच्यावरच क्लोरप्रोमझिनची इमारत उभी आहे. आपल्या कारखान्यातलं अॅनिलिन या औषधात गेलं असा माझा दावा नाही. पण कुळी एकच.

हक्सलेनं हे सगळं पाहिलं. १९५८ मध्ये आपल्याच कादंबरीचा फेरविचार करताना त्यानं रिसर्पिन आणि क्लोरप्रोमझिन यांची नावानिशी दखल घेतली. मनोरुग्णांना त्यांचा उपयोग होतो हे त्यानं नाकारलं नाही. त्याची धास्ती होती ती अशी औषधं हुकूमशहाच्या हाती पडली तर काय, याची. हा फरक आपण विसरलो. सोमा निरोगी माणसासाठी होता, त्यानं प्रश्न विचारू नयेत म्हणून. ज्याला रात्रंदिवस कानात आवाज ऐकू येतात, अन्नात विष कालवलंय असं वाटतं, त्याची गोष्ट वेगळी. त्याला प्रश्न विचारता यावेत म्हणूनच गोळी द्यायची असते. ‘गोळ्यांनी माणूस नुसता झोपून राहतो’ ही तक्रार खोटी नाही. जुन्या औषधांनी अंग ताठरायचं, हात थरथरायचे, गुंगी यायची. नव्यांचेही त्रास आहेतच. पण त्यावर इलाज डॉक्टरांशी बोलून मात्रा बदलून घेणं हा आहे. गोळी मोरीत टाकणं नव्हे.

याची साक्ष पाहायची तर रसायनीहून लांब जायला नको. कर्जतजवळ वेणगावच्या बाजूला ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’चं केंद्र २००६ पासून आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मुंबईतलं मनोविकारतज्ज्ञ दांपत्य. १९८८ मध्ये रस्त्याकडेला एक तरुण नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पिताना त्यांना दिसला. त्याला त्यांनी उचलून आणलं, उपचार केले. माणसात आल्यावर कळलं की गडी पदवीधर आहे, आंध्र प्रदेशातल्या सुशिक्षित घरातला. तिथून हे काम सुरू झालं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला आणायचं, आंघोळ, दाढी, जेवण, औषधं, आणि मग वाट पाहायची. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर हजारो माणसं आपापल्या घरी पोचली होती.

ही वाट पाहायची ती कशाची? नावाची. औषध लागू पडायला लागलं की माणूस आधी स्वतःचं नाव सांगतो. मग बापाचं, मग गावाचं. कधी नुसतं नदीचं किंवा जवळच्या बाजाराचं. तेवढ्यावरून कार्यकर्ते जिल्हा शोधतात, पोलीस ठाण्याला फोन लावतात. झाम्यातिनच्या राज्यात डॉक्टर माणसाचा क्रमांक करतात. कर्जतला दाखल होताना माणूस अनोळखी असतो आणि निघताना त्याला पत्ता असतो. रसायन मात्र त्याच घराण्यातलं.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली, आणि रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णाला उपचारांसाठी नेणं हे पोलिसांचं कर्तव्य ठरवलं. त्याच २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं हिंदुस्तान ऑरगॅनिकचा रसायनीचा कारखाना बंद करायला मंजुरी दिली. अग्निबाणाच्या इंधनाला लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा इस्रोकडे सोपवला गेला.

कर्जतच्या केंद्रातून बरी झालेली माणसं पुन्हा रेल्वेनंच परततात, सोबत एखादा सामाजिक कार्यकर्ता असतो. पिशवीत कपडे आणि काही आठवड्यांच्या गोळ्या. गाव आलं की तो कार्यकर्ता घरच्यांना ओट्यावर बसवून समजावतो, की ही गोळी रोज रात्री द्यायची, बरा दिसला म्हणून थांबवायची नाही. काही घरांत त्या माणसाची आशा केव्हाच सोडलेली असते. दारात उभा राहून तो आईला हाक मारतो, आणि ती आधी ओळखत नाही.