पावणेसहा किलोंची सायकल

मंडळी, आज एका आकड्यापासून सुरुवात करू. पावणेसहा किलो. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर बेल्जियमचा एडी मर्क्स ज्या सायकलवर बसला, तिचं हे वजन सांगितलं जातं. आपल्याकडची स्टँड, कॅरिअर आणि मडगार्डसकटची काळी सायकल वीस किलोंच्या आसपास भरते, म्हणजे तिच्या वजनात मर्क्सच्या तीन सायकली आल्या असत्या. आणि ही सायकल कार्बनची नव्हती बरं का! कार्बनच्या फ्रेम शर्यतींत रुळायला अजून बराच अवकाश होता. मर्क्सची फ्रेम पोलादाचीच होती.

त्या दिवशी त्याला एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायचं होतं. आधीचा विक्रम डेन्मार्कच्या ओले रिटरचा, १९६८ सालचा, तोही मेक्सिकोतलाच: ४८.६५३ किलोमीटर. मर्क्सने तो ४९.४३१ वर नेला. सायकल बांधली होती इटलीच्या एर्नेस्तो कोल्नागो यांनी. त्यांनी हँडलला भोकं पाडली, चेनच्या कड्यांनाही पाडली. हँडल धरून ठेवणारा जो आखूड दांडा असतो, ज्याला स्टेम म्हणतात, तो टायटॅनियमचा करायचं ठरलं. टायटॅनियमची जोडणी करणारा माणूस जवळपास मिळेना, म्हणून तो डेट्रॉइटच्या पिनो मोरोनी या कारागिराकडून करून आणला. टायर तर शंभर ग्रॅमच्या आतबाहेरचे. एकेका ग्रॅमसाठी माणसं अटलांटिक ओलांडत होती!

आता जरा हिशेब मांडून बघू. साधी पावणेनऊ किलोंची सायकल घेण्याऐवजी मर्क्सने तीन किलो वाचवले असं धरू. ट्रॅक सपाट. सपाटीवर वजनाचा त्रास मुख्यतः वेग धरताना होतो. एकदा वेग आला की लढाई हवेशी असते. तीन किलोंना ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगापर्यंत आणायला साधारण २९० ज्यूल ऊर्जा लागते. चारशे वॅटची ताकद लावणाऱ्या माणसाला ती द्यायला एक सेकंदही पुरे. टायर दाबले जाण्यातून जाणारी थोडी ताकद वाचते तीही धरा, तरी फायदा किरकोळच. मर्क्सला खरी मदत झाली ती मेक्सिको सिटीच्या उंचीची. हे शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार दोनशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि तिथली हवा साधारण पाचव्या हिश्शाने विरळ आहे. म्हणजे त्या काळची सर्वांत गाजलेली हलकी सायकल अशा ठिकाणी वापरली गेली, जिथे हलकेपणाला जवळपास काही किंमत नव्हती.

मग किंमत कुठे आहे? चढावर. आल्प्समधला आल्प द्युएझ घाट घ्या: १३.८ किलोमीटर, एकवीस वळणं, साधारण ११०० मीटरचा चढ. एक किलो वजन ११०० मीटर वर न्यायला १०,८०० ज्यूल लागतात. तीनशे वॅटने पायडल मारणाऱ्या स्पर्धकाचे एका किलोमागे सुमारे ३६ सेकंद वाचतात. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीचा बोरघाट साधारण पाचशे मीटरचा धरला, आणि तुमच्याआमच्यासारखा दीडशे वॅटवाला गडी धरला, तर किलोमागे अर्धा मिनिट. शंभर ग्रॅममागे तीन सेकंद. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घाटाखाली ओतून टाकली तर पंधरा सेकंद वाचतात, आणि तेही फुकटात.

हा ध्यास काही मर्क्सपासून सुरू झालेला नाही. 'तूर द फ्रान्स'चे संस्थापक आंरी देग्रांज यांनी स्पर्धकांना वर्षानुवर्षं लाकडी रिमा वापरायला लावल्या. धातूची रिम उतारावर ब्रेकने तापेल, टायर चिकटवलेला गोंद वितळेल आणि माणूस पडेल, अशी त्यांना धास्ती होती. धातूच्या रिमांना मोकळीक मिळाली ती १९३७ मध्ये, गिअर बदलणाऱ्या डिरेलरलाही त्याच वर्षी. देग्रांज यांना आज हेकट म्हातारा म्हणून हसतात. पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता: हा भाग हलका आहे हे ठीक, पण तापल्यावर, ओला झाल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर त्याचं काय होतं? मॅविक ही फ्रेंच कंपनी एक किस्सा सांगते. १९३४ च्या 'तूर'मध्ये आंतोनँ मान्य याला त्यांनी ड्युरॅल्युमिनच्या रिमा दिल्या आणि नियमाच्या नजरेतून सुटाव्यात म्हणून त्या लाकडासारख्या रंगवल्या. मान्य ती स्पर्धा जिंकला, हे मात्र नुसता किस्सा नाही, नोंदच आहे.

मेक्सिकोनंतर भोकांची लाटच आली. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांनी घरच्या ड्रिलने पुढची दातेरी चक्रं, क्रँक, ब्रेकचे लीव्हर पोखरायला घेतले. कारखान्यांनीही भोकंवाले लीव्हर बाजारात आणले. दिसायला ते देखणे असत, यात शंका नाही. पण धातूचं शास्त्र काय सांगतं? ताणाखालच्या पट्टीला गोल भोक पाडलं की भोकाच्या कडेला ताण जवळपास तिप्पट होतो. कड खरबरीत राहिली तर आणखी. आणि ॲल्युमिनियमचा स्वभाव पोलादापेक्षा वेगळा. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते लाखो झटके सोसूनही थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी ठोस मर्यादा नाही. प्रत्येक झटका त्याच्या आयुष्यातून थोडं काढून घेतो. बारीक चीर पडते, ती डोळ्यांना दिसत नाही, आणि एक दिवस भाग तुटतो. दातेरी चक्र तुटलं तर आपण चालत घरी येतो. हँडल तुटलं तर थेट दवाखान्यात.

९ एप्रिल २००६ ला पॅरिस-रूबे शर्यतीत हेच जगाने पाहिलं. ही शर्यत दगडी फरसबंद रस्त्यांसाठी प्रसिद्ध आहे, सायकल अक्षरशः खिळखिळी होते. अमेरिकेचा जॉर्ज हिंकापी पुढच्या घोळक्यात होता. त्याच्या सायकलच्या फोर्कची वरची नळी, जी फ्रेममधून वर येऊन हँडलला मिळते, ती तुटली. हँडल हातात आलं, तो काही क्षण तोल सांभाळत गेला आणि कोसळला. खांद्याला दुखापत झाली. नळी ॲल्युमिनियमची होती आणि त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडलाही होता. आमच्या मते या प्रसंगात धातूला दोष देण्यापेक्षा मधल्या त्या पडण्याकडे बघायला हवं. पडलेल्या सायकलची नळी वरून शाबूत दिसते, आणि शर्यत चालू असताना ती उघडून कोण बघणार?

तोवर नियम आला होता. १९९६ च्या लुगानो सनदेत आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने तंत्रापेक्षा माणूस मोठा अशी भूमिका घेतली आणि २००० पासून शर्यतीच्या सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरवलं. मर्क्सची १९७२ ची सायकल आज शर्यतीत उभीच करू देणार नाहीत! गंमत पुढे आहे. त्याच २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने मर्क्सच्या धर्तीच्या साध्या सायकलवर, मँचेस्टरच्या बंदिस्त ट्रॅकवर, विरळ हवेची मदत न घेता ४९.४४१ किलोमीटर केले. फक्त दहा मीटर जास्त. अठ्ठावीस वर्षांत प्रशिक्षण, आहार, ट्रॅक सगळंच बदललं होतं, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. पण वजनदार सायकलीने त्याला अडवलं नाही, एवढं दिसतं. पुढे कार्बन इतका हलका झाला की संघांचे मेकॅनिक ६.८ चा काटा गाठायला सायकलीत वजन भरू लागले.

आता शेवटी तुमच्यापैकी अनेकांच्या मनातला प्रश्न: घरच्या रोड बाइकचं वजन कुठून काढायचं? इतिहासाच्या व्याख्यानात हे सांगणं थोडं विषयांतर आहे, पण आल्यासारखं सांगतो. आधी टायर आणि ट्यूब. पैसे कमी लागतात, आणि चाकाच्या परिघावरचा ग्रॅम वेग घेताना जवळजवळ दुप्पट मोजला जातो. चढावर एका वेगाने जाताना मात्र ग्रॅम तो ग्रॅमच, तिथे चाकाचा वेगळा चमत्कार नाही, दुकानदार काहीही म्हणोत. मग सीट आणि सीटची दांडी. हँडल, स्टेम आणि फोर्क सगळ्यात शेवटी, आणि तेही तुमचं स्वतःचं वजन त्या भागाच्या मर्यादेत बसत असेल तरच. जुना, न जाणो कधी पडलेला कार्बनचा हँडल स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका.

बसवतानाही घाई नको. पोलादी सायकलला पाना आवळून 'अजून एक वेढा' द्यायची आपली सवय इथे महागात पडते. स्टेमच्या बोल्टवर बहुधा पाच न्यूटन मीटर असा आकडा छापलेला असतो. तो टॉर्क रेंचने पाळावा आणि समोरचे चारही बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळावेत. कार्बनच्या दांडीला ग्रीस न लावता बारीक रवाळ पेस्ट लावायची, म्हणजे कमी आवळूनही ती घसरत नाही. टायटॅनियमचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत कोरडा बसवला तर तो तिथेच जाम होतो, म्हणून त्याला अँटी-सीझचा लेप हवा. पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा रेंचने तपासा.