वेगवान स्वाराची सावकाश गाडी

वेगाने धावणारा माणूस स्वभावानेही उतावळा असणार, असा आपला एक समज असतो. जोई डनलप या मोटारसायकलस्वाराचे आयुष्य पाहिले, की तो समज पार गळून पडतो.

उत्तर आयर्लंडमधील बॅलीमनी हे त्याचे गाव. जन्म १९५२ चा. पुढे गावातच त्याने एक मद्यगृह चालविले. बोलणे मोजके, गर्दीत वावरताना संकोच, आणि आपल्या गाडीचे पेच आपल्याच हाताने आवळण्याची हौस.

त्याचे रणांगण मात्र समुद्रापलीकडे, मॅन बेटावर. तेथे १९०७ सालापासून ‘टूरिस्ट ट्रॉफी’ ही शर्यत भरते. तिला निराळे मैदान नाही. एरवी लोक ज्या रस्त्यांनी बाजारहाटाला जातात, तेच रस्ते काही तास बंद करावयाचे, की झाली शर्यतीची तयारी! एक फेरी सुमारे ६० किलोमीटरांची. वळणे दोनशेंहून अधिक. आणि कडेला दगडी कुंपणे नि घरांच्या भिंती. या वाटेने आजवर अडीचशेंहून अधिक स्वारांचा बळी घेतला आहे. त्याच वाटेवर जोईने १९७७ ते २००० या काळात २६ शर्यती जिंकल्या.

१९८५ साली तो मासेमारीच्या बोटीतून बेटाकडे निघाला असता ती बोटच बुडाली. जीव कसाबसा वाचला. दुसरा कोणी असता तर घरी परतला असता. हा गडी बेटावर गेला आणि त्या वर्षी तीन शर्यती जिंकून आला.

परंतु त्याची खरी ओळख पटते ती शर्यतीबाहेर. अन्न आणि कपडे गाडीत भरून तो एकटाच रुमानिया, बोस्निया, अल्बानिया येथील निराधार मुलांकडे जात असे. या प्रवासात ना प्रेक्षक, ना घड्याळ लावून बसलेले पंच. ब्रिटिश सरकारने १९८६ साली शर्यतींबद्दल त्याचा सन्मान केला. १९९६ साली त्याहून वरचा किताब दिला, तो या मदतकार्याबद्दल.

सन २००० मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्याने मॅन बेटावर पुन्हा तीन विजय मिळविले. तेथेच थांबता आले असते. पण २ जुलैला एस्टोनियातील टॅलिन येथे, पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर, १२५ सी. सी. च्या लहानशा गाडीवरून तो झाडांवर आदळला आणि गेला. मागे पत्नी आणि पाच मुले. अंत्ययात्रेला सुमारे ५०,००० माणसे लोटली. एकमेकांशी वैर धरणारे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटही त्या दिवशी शेजारी शेजारी उभे होते.

त्या घराण्याची कहाणी येथे संपली नाही. धाकटा भाऊ रॉबर्ट २००८ साली आणि पुतण्या विल्यम २०१८ साली अशाच रस्त्यांवर गेले. दुसरा पुतण्या मायकेल याने २०२४ साली काकाचा २६ विजयांचा विक्रम मोडला. याला शौर्य म्हणावे की व्यसन? दारात वाट पाहणाऱ्या बायकामुलांनी त्याचे उत्तर काय द्यावे?

विक्रम मोडण्यासाठीच असतात. एखाद्या दूरच्या अनाथालयाच्या फाटकाशी येऊन थांबलेली ती भरली गाडी मात्र कोणत्याही विक्रमाच्या वहीत नव्हती. म्हणून ती कोणाला मागेही टाकता येणार नाही.