मुलींची छावणी आणि तळ्याचं पाणी

परदेशातल्या मुलींच्या उन्हाळी शिबिराचं माहितीपत्रक तुमच्यापैकी कुणी वाचलं आहे का? आमच्या नात्यातल्या दोन-तीन मुली अमेरिकेत वाढताहेत, त्यामुळे अशी काही पत्रकं माझ्या पाहण्यात आली. सगळ्यांवर पहिलं चित्र तळ्याचंच असतं. मग होड्या, पोहण्याची जागा, लाकडी खोल्या, जेवणघर, खेळाची मैदानं. आणि अगदी शेवटी बारीक अक्षरांत स्नानगृहं आणि शौचालयं किती आहेत, गरम पाणी आहे की नाही, हे दिलेलं असतं. मी ते पत्रक शेवटाकडून वाचायला लागते. तालुक्याच्या शाळेत ज्या बाईंनी वीरबालांचं पथक चालवलं आहे, त्या सगळ्या तसंच वाचतील!

(नव्या पिढीसाठी सांगते: स्काउटला आपल्याकडे बालवीर म्हणत आणि गाईडला वीरबाला.)

मुलींची शिबिरं तळ्याकाठी भरवायची ही पद्धत पडली कशी, हे शोधताना एक गंमत सापडली. अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे, तिथे सेबॅगो नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या काठी १९०७ साली ल्यूथर गुलिक आणि शार्लट गुलिक या पतीपत्नींनी मुलींचं शिबिर सुरू केलं. हे गुलिक म्हणजे तेच, ज्यांनी १८९१ साली आपल्या हाताखालच्या नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला थंडीत घरात खेळता येईल असा खेळ शोधायला सांगितलं होतं, आणि त्यातून बास्केटबॉल जन्माला आला. शिबिराला त्यांनी 'वोहेलो' हा शब्द दिला. काम, आरोग्य आणि प्रेम या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून तो केलेला आहे. घोट्यापर्यंत झगे घालायच्या त्या काळात मुलींनी उघड्यावर राहायचं, तंबूत झोपायचं, पोहायचं आणि वल्ही मारायची, हे धाडसच होतं. यातूनच पुढे १९१० साली 'कॅम्प फायर गर्ल्स' ही संस्था उभी राहिली.

त्याच १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांची पहिली छावणी भरवली. मुलींना कुणी बोलावलं नव्हतं. पण १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काउट मेळाव्यात काही मुली आपणहून जाऊन उभ्या राहिल्या आणि 'आम्हीही स्काउट आहोत' म्हणाल्या. त्यांच्यासाठी १९१० साली वेगळी संघटना निघाली आणि बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अ‍ॅग्नेस यांनी ती सांभाळली. तिला 'गाईड' हे नाव मात्र आपल्याकडून गेलं. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर 'कोअर ऑफ गाईड्स' नावाची पलटण होती, तिच्यावरून ते घेतलं. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, जबलपूरला हिंदुस्थानातलं पहिलं गाईड पथक निघालं. पण सुरुवातीला ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरतंच होतं. नाव इथलं, देश आमचा आणि आत यायला बंदी आमच्याच मुलींना! असो. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या स्काउट संस्था एकत्र होऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड संघटनाही तिच्यात आली. आमच्या शाळांपर्यंत पोचली ती ही संस्था.

आता आपल्या पेण-रोह्याकडे येऊ.

इथे 'उन्हाळी शिबिर' हा शब्दच मुळात चुकीचा पडतो. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, पण जमिनीखाली कातळ आणि समुद्र जवळ, त्यामुळे सगळं पाणी वाहून जातं. एप्रिल उजाडला की विहिरी तळाला जातात आणि बायका हंडे घेऊन मैलभर हिंडतात. अशा वेळी चाळीस-पन्नास मुलींची छावणी गावावर लादणं हे पाप. म्हणून आमच्या छावण्या नाताळच्या सुट्टीत भरायच्या. तेव्हा भात कापून खाचरं रिकामी झालेली असतात, म्हणजे राहुट्यांना सपाट जागा मिळते. पेंढा भरपूर, म्हणजे अंथरायची सोय. तळ्यात अजून पाणी असतं. शिवाय वालाला शेंगा आलेल्या असतात. शेकोटीच्या रात्री मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि शेंगा भरून, मडकं उपडं घालून भोवती पालापाचोळा पेटवला की पोपटी तयार! गुलिक बाईंच्या मुलींना ती मिळाली नसणार.

दुसरा फरक तळ्याचाच. मेनमधली तळी निसर्गाने बर्फाच्या काळात खोदून ठेवलेली. आपल्या सह्याद्रीत तशी तळी जवळजवळ नाहीतच. आपल्याकडे मोठं पाणी दोनच प्रकारचं. एक गावाने किंवा देवळाने बांधलेलं तळं, आणि दुसरं धरण. दोन्ही माणसांनी केलेली, म्हणून दोन्हींना मालकीचा प्रश्न चिकटलेला.

गावच्या तळ्याचं पाणी कुणी भरायचं, हा प्रश्न तर आपल्याच जिल्ह्याने साऱ्या देशापुढे मांडला. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर दंगल झाली, नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा मंडपाला कुणी जागा देईना. अखेर एका मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. हजारो माणसांची ती छावणीच होती, आणि तिथे बायकाही आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांच्यासाठी वेगळं भाषण केलं. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला तो १७ मार्च १९३७ ला, म्हणजे ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं. शिबिराच्या इतिहासात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण तळ्याकाठी छावणी टाकायची तर पहिला प्रश्न हाच येतो की काठावर कुणी उतरायचं.

दुसरं पाणी धरणाचं. रोह्याच्या पुलावरून कुंडलिका पाहताना फार थोड्यांच्या ध्यानात येतं की, ऐन उन्हाळ्यात तिला जे पाणी असतं ते मूळचं तिचं नव्हे. ते मुळा नदीचं पाणी आहे. टाटांनी मुळशीला धरण बांधून ते सह्याद्रीच्या या बाजूला वळवलं आणि १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरात ते कोसळतं, मग कुंडलिकेत येतं. त्या धरणाखाली मावळातली गावं आणि भाताची खाचरं गेली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथे सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्यात उतरले. सत्याग्रह हरला, तळं झालं. आज कोलाडला तरुण मंडळी रबरी होड्यांतून जी मौज करतात ती भिऱ्याहून सकाळी सोडलेल्या पाण्यावर. त्या काठाला आज तंबूही आहेत, गरम पाणीही आहे. मौज जरूर करावी, पण पाणी कुठून आलं हे मुलांना सांगावं, एवढंच शिक्षिकेच्या सवयीने म्हणते.

आता आमच्या छावणीच्या जागेबद्दल. तळ्यापासून थोडं उंचावर, वाऱ्याची दिशा पाहून जागा ठरवायची. मधोमध ध्वजस्तंभ. त्याच्या भोवती अर्धगोलात राहुट्या, प्रत्येक संघाची एक. राहुट्या कमी पडल्या तर ताडपत्री. वाऱ्याच्या खालच्या अंगाला चुलींसाठी चर, प्रत्येक संघाची चूल वेगळी. चुलीजवळ दोन खड्डे, एक ओला आणि एक सुका. ओल्या खड्ड्यावर काटक्या आणि गवताची जाळी, म्हणजे खरकट्या पाण्यातलं तेलकट वर अडकतं, आणि ते गवत रोज बदलून जाळायचं. भांडी ठेवायला बांबूची मांडणी, सुंभाने चौकोनी बंधन घालून मुलींनीच बांधलेली. पिण्याचं पाणी विहिरीचं, वापरायचं तळ्याचं. तळ्यात उतरून कुणी कपडे धुवायचे नाहीत, पाणी बादलीने काढून लांब न्यायचं.

आणि सगळ्यांत आधी, राहुट्या ठोकायच्याही आधी, संडासाचे चर. हातभर रुंद, कमरेइतके खोल, उकरलेली माती बाजूला आणि मातीत खुरपं खोचलेलं. भोवती कारवीचा कूड किंवा नारळाच्या झावळ्यांची झापं. तशीच न्हाणी, खाली दगड पसरून. ही झापं विणायला गावातल्या बायका आम्हाला शिकवत. सामान एस.टी.च्या टपावरून यायचं. रोह्याला रेल्वे आली ती १९८६ साली.

मुलीला छावणीला पाठवा म्हणून मी घरोघरी जात असे, तेव्हा वडील विचारत, 'खर्च किती? बरोबर कोण?' आई मात्र वडील उठून जाईपर्यंत थांबत. मग हळूच विचारत, 'बाई, आडोसा आहे ना?' त्या एका शब्दात सगळं आलं. अंघोळ, संडास, आणि महिन्याचे चार दिवस. पहाटेच्या अंधारात किंवा रात्री उठून जायची सवय बायकांनी पिढ्यान् पिढ्या लावून घेतली होती. कित्येक हुशार मुली सातवी-आठवीत शाळा सोडत, तेव्हा दाखल्यावर 'घरकाम' असं लिहिलं जाई. खरं कारण पुष्कळदा शाळेत आडोसा नाही हे असे. ते कुठल्या रजिस्टरात लिहायचं? छावणीत आम्ही चार झापं उभी केली की या मुली पाच दिवस मोकळ्या होत. धावत, झाडावर चढत, मोठ्याने हसत. मला वाटे, हे चार दिवसांचं सामान शाळेत का उभं राहत नाही?

पाण्याचा तो दुसरा प्रश्नही आलाच. १९७८-७९ च्या सुमाराची गोष्ट असेल. एका गावी तळ्याकाठी उतरलो तर संध्याकाळी एक वृद्ध गृहस्थ आले आणि अदबीने म्हणाले, 'बाई, मुली कुणाकुणाच्या आहेत?' मी म्हटलं, 'आजोबा, सगळ्या वीरबाला आहेत.' त्यांना उत्तर कळलं, मलाही त्यांचा प्रश्न कळला होता. संघ पाडताना मी मुद्दाम मिसळ करत असे, एका संघात सर्व वाड्या-आळ्यांच्या मुली. दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी संघवार लागली. बादल्या हातोहात वर आल्या, कुठली कुणाची हे कुणालाच सांगता आलं नसतं. आजोबा लांब पारावर बसून पाहत होते. काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरून टोपलीभर वालाच्या शेंगा आल्या. त्यांचं मन बदललं, असा दावा मी करत नाही. शेंगा आल्या, एवढं खरं.

महाराष्ट्रात मुलींसाठी खास बांधलेली अशी एक जागा मात्र आहे, आणि ती जगभर नावाजलेली. पुण्यात आळंदी रस्त्यावरचं 'संगम'. गाईड चळवळीची जागतिक केंद्रं आहेत. पहिलं स्वित्झर्लंडमध्ये अडेलबोडेनला १९३२ साली झालं, मग लंडनला, मग १९५७ मध्ये मेक्सिकोत. चौथं पुण्याचं. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथे राहायच्या खोल्या आहेत, जेवणघर आहे, आणि पोहण्याचा तलावही आहे. देशोदेशींच्या मुली तिथे येऊन राहतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की, मुलींच्या जागेत पोहायचा तलाव ही चैन नसून गरज आहे, हे तिथे बांधतानाच धरलेलं आहे. आमच्या गावांत तळ्यात सूर मारायचे ते मुलगे. मुली काठावर धुणं धूत. पाण्याकाठी जन्म काढूनही पोहता न येणाऱ्या बायका पेण-रोह्यात आजही ढिगाने सापडतील. मीही त्यांतलीच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं शाळेला बंधनकारक केली. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. तोवर मी निवृत्त झाले होते. पण बातमी वाचून त्या झापांची आठवण आली खरी. कायद्याने भिंती उभ्या राहतात, पाणी आणि कुलपाची किल्ली कुणाकडे हे मात्र ज्या त्या शाळेत जाऊन पाहावं लागतं.

तेव्हा वाचकांना, विशेषतः नात्यातल्या मुलींना, एवढंच सांगणं. तुमच्या लेकींना शिबिराला जरूर पाठवा, तळ्याकाठच्या तर आधी. पोहायला शिकवा. आणि तुमच्यापैकी कुणी कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पर्यंत आपला जिल्हा हाच) वीरबाला म्हणून छावणी केली असेल, तर तुमच्या वेळी न्हाणी कशाची होती ते मला जरूर कळवा. कारवी, झापं, की नुसती साडी धरून? गाण्यांच्या आठवणी सगळेच लिहितात. या गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही.